माल आणि राडा

लहानपणी आमचं बिऱ्हाड कोल्हापूरच्या गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात होतं. पहाटे अंबाबाईच्या देवळातली घंटा कानावर यायची आणि तिच्या पाठोपाठ खालून ब्रशचा आवाज. चर्र, चर्र. खिडकीतून वाकून बघितलं की झारेकरी दिसायचा, सराफांच्या धुळीतून सोन्याचे कण काढणारा. एका हातात निम्मे केस झडलेला ब्रश, दुसऱ्या हातात पत्र्याचा तुकडा, बाजूला घमेलं. सराफांच्या पायऱ्यांच्या सांदी, फरशांच्या फटी, गटाराची कड, असं तो उकिडवा बसून इंच इंच झाडत जायचा. महापालिकेचा झाडूवाला यायच्या आत त्याला गुजरी उरकायची असायची. कारागिरांच्या माळ्यावरची धूळ तो विकत घेई. रस्त्यावरची फुकट, पण तिच्यासाठी लवकर उठावं लागे.

एकदा मी त्याच्या मागे मागे तो धूळ धुवायचा तिथवर गेलो. घमेल्यात पाणी, पाण्यात ती काळी माती, आणि हाताला एक गोल हेलकावा. प्रत्येक हेलकाव्यासरशी कडेवरून थोडा गढूळपणा सांडायचा. पाणी पुन्हा, हेलकावा पुन्हा. पाऊण तास तरी चाललं असेल. शेवटी तळाशी मूठभर काळी रेती उरली. मला वाटलं, झालं, काही मिळालं नाही. तो म्हणाला, "सोनं लई आळशी असतंय बाळ. जाग्यावरनं हालत न्हाई. बाकीचं सगळं पळतंय." मग त्यानं त्या रेतीत पाऱ्याचा थेंब सोडला, बोटानं मळला, चिंधीत घालून पिळला. चिंधीत उरलेली करडी गोळी पत्र्यावर ठेवून खालून जाळ दिला. तेव्हा मला म्हणाला, "तोंड तिकडं कर." स्वतःचं मात्र त्यानं फिरवलं नाही. पारा उडून गेला आणि मोहरीएवढा पिवळा मणी उरला.

पुढे डिप्लोमाला खनिज प्रक्रिया हा विषय आला, तेव्हा सोन्याची घनता 19.3 आणि वाळूची 2.65 हे फळ्यावर लिहिलेले आकडे मला ओळखीचे वाटले. आळशीपणा मोजता येतो एवढंच नवीन होतं. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेत जाऊन काय करते तेही तिथेच कळलं. म्हातारपणी झारेकऱ्याचे हात का थरथरायचे याचा उलगडा मला एका वर्गात बसल्या बसल्या झाला आणि त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

खनिज प्रक्रिया म्हणजे आपल्या घरातलं सूप, चाळण आणि परात. कुटायचं, चाळायचं, पाखडायचं, धुवायचं, निवडायचं. यंत्रं प्रचंड असतात, नावं अवघड असतात, पण आईनं तांदूळ निवडताना जे केलं त्याच्या पलीकडे फारसं काही नाही. फरक निवडून टाकलेल्याचं काय होतं यात आहे. आईच्या सुपातले खडे अंगणात जात. खाणधंद्यात टाकलेल्याला चांगली भारदस्त नावं आहेत. धातूसोबत येणारा नको असलेला दगड म्हणजे गँग. (हा शब्द सरांनी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मागच्या बाकांवर शिट्ट्या झाल्या होत्या.) धातू काढून घेतल्यावर उरलेला गाळ म्हणजे टेलिंग्ज. आणि खनिजाच्या वर जे काही पसरलेलं असतं, माती, मुरूम, गवत, झाड, ते सगळं ओव्हरबर्डन. वरचं ओझं. खाणीवरची माणसं त्याला नुसतं ओबी म्हणतात.

कोल्हापुरी बोलीत या सगळ्याला एकच शब्द आहे, राडा. राड्याचा दुसरा अर्थही इथे सगळ्यांना माहीत आहे आणि तो अगदीच गैरलागू आहे असं मी म्हणणार नाही.

गेली सत्तावीस वर्षं मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत वाळू सांभाळतो. पत्रिकेवर हुद्दा मोठा छापतात, पण पोरं मला 'वाळूवाले साहेब' म्हणतात आणि ते बरोबर आहे. कोल्हापूरचं नाव गूळ, चप्पल आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानं निघतं. पण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात रोज जेवढं लोखंड वितळतं त्यावर या जिल्ह्यातली कितीतरी घरं चालतात. लोखंड ओतायला साचा लागतो आणि साचा वाळूचा असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, फौंड्री म्हणजे आग. आतल्याला माहीत असतं, फौंड्री म्हणजे वाळू. एक किलो कास्टिंगसाठी चार, पाच, कधी त्याहून जास्त किलो वाळू हलवावी लागते. आग दिवसातून काही तास, वाळू चोवीस तास.

सिलिका वाळू आमच्याकडे येते ती बहुतेक कोकणातून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातून, तळेऱ्यावरून करूळ घाट चढून गगनबावडामार्गे. बेंटोनाइट, म्हणजे वाळू बांधून धरणारी चिकणमाती, येतं कच्छहून. त्यात कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी पडलं की मिक्सरमधून जे बाहेर येतं त्याला ग्रीन सँड म्हणतात. रंगानं ती ठार काळी असते. ग्रीन याचा अर्थ ओली, कच्ची. जुने मोल्डर तिची परीक्षा मुठीत करत. मूठ आवळायची, उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, गोळा मधोमध मोडला पाहिजे आणि मोडलेली कड धारदार राहिली पाहिजे. हाताला चिकटली तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. माझ्या लॅबमध्ये हेच काम यंत्र करतं. दोन इंची नळीत वाळू भरायची, वजनाचे तीन ठोके द्यायचे आणि तयार झालेली वडी दाबून ती किती ताकदीला फुटते ते वाचायचं. सकाळच्या पहिल्या नमुन्याला मी आधी मूठ आवळतो, मनात आकडा धरतो, मग यंत्र लावतो. सहसा चुकत नाही. चुकलं तर आधी यंत्र तपासतो, हे व्यवस्थापनाला सांगत नाही.

तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड साच्यात उतरलं की त्याला भिडलेला वाळूचा थर भाजून निघतो. त्यातलं बेंटोनाइट मरतं. मेलं असंच म्हणतात, डेड क्ले. पुन्हा पाणी घातलं तरी ते चिकट होत नाही. म्हणून रोज थोडी नवी वाळू, थोडं नवं बेंटोनाइट घालावं लागतं आणि जेवढं आत आलं तेवढं बाहेर काढावं लागतं. ती बाहेर काढलेली काळी वाळू हा आमचा राडा. मी नोकरीला लागलो तेव्हा ती ट्रॅक्टरनं जायची, आणि कुठे जायची हे विचारायची पद्धत नव्हती. कुणाच्या प्लॉटची भर, कुठला खड्डा, कुठल्या ओढ्याची कड. पावसाळ्यात त्या ओढ्यातून काळं पाणी जायचं. मी ते बघितलंय. मीच भरलेल्या गाडीतली वाळू होती म्हटल्यावर बघितलंय असंच म्हणावं लागेल, ऐकलंय असं नाही.

आता दिवस बदललेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम आले, त्याहून मोठं म्हणजे नव्या वाळूचा दर वाढला. कोकणातून येणारी वाळू महाग झाली तसा आम्हाला जुन्या वाळूत जीव दिसू लागला. रेझिन लावलेली कोअरची, म्हणजे साच्याच्या आत बसवायच्या गाभ्याची, वाळू सहाशे-सातशे अंशांना भाजली की रेझिन जळून दाणा मोकळा होतो. ग्रीन सँडचा दाणा दाण्यावर घासून त्याच्यावरचं मेलेलं कवच काढता येतं. घासल्यावर निघणारी पूड मात्र राहतेच, आणि ती हवेत गेली की माणसाच्या फुप्फुसात बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. आमच्या फेटलिंग खात्यातल्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथल्या, एका जुन्या कामगाराचा एक्स-रे डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला होता. सगळीकडे बारीक पांढरे ठिपके. आमच्याच चाळणीतला माल.

आज्जीचं गाव राधानगरी तालुक्यात, सड्याच्या पायथ्याला. आईचं माहेर. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळ, जांभ्याचं. उन्हाळ्यात तिथे चालवत नाही. अनवाणी गेलात तर तळवे भाजतात. पावसाळ्यात त्याच कातळावर घोट्याएवढं पाणी असतं. आज्जीच्या चुलीजवळ एक मोठं पातेलं असायचं, दुधाचं नाही, पाण्याचं. जर्मलचं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मल म्हणतात, कुणी जर्मन म्हणतं. खरं जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्याचा या भांड्याशी काही संबंध नाही, पण नाव तिथूनच घसरत खाली आलं असावं. आज्जी ते पातेलं राखेनं घासायची, म्हणून ते कधी चकाकलं नाही, कायम मातकट करडं.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत गेलो असताना मी तिला शहाणपण शिकवलं होतं. म्हटलं, आज्जी, हे पातेलं तुझ्या सड्यावरच्या दगडाचं आहे. ती म्हणाली, "दगडाचं पातेलं इतकं हलकं कसं रं?" मला धड उत्तर देता आलं नाही. आता देता येईल.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दहा-पंधरा लाख इकडे-तिकडे, दख्खनभर लाव्हा पसरला आणि त्याचा काळा दगड झाला. त्या दगडात निम्म्याच्या आसपास सिलिका आणि पंधरा टक्क्यांच्या मागेपुढे ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, असतो. मग त्यावर पाऊस पडत राहिला. किती, तर मोजायला वर्षं पुरणार नाहीत इतका. पावसानं सोडा नेला, चुना नेला, मॅग्नेशियम नेलं, आणि सावकाश सिलिकाही नेली. राहिलं ते आळशी. लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड जास्त राहिलं तिथे जांभा झाला, ॲल्युमिनियम जास्त राहिलं तिथे बॉक्साइट. म्हणजे निसर्गानं सह्याद्रीच्या माथ्यावर घमेलं धरून हेलकावे दिले आणि हलकं ते खाली समुद्राकडे सांडलं. त्या वेळचा राडा कोकणात उतरला असेल. आज आपण जो माल म्हणतो तो तळाशी उरलेला गाळ आहे.

बॉक्साइटचा तुकडा हातात घेतलात तर त्यात वाटाण्याएवढे गोल दाणे दिसतात, तांबूस पिठात मळलेले. लॅबमध्ये त्याची परीक्षा दोन आकड्यांवर होते, ॲल्युमिना किती आणि सिलिका किती. ॲल्युमिना हवा, सिलिका नको. इथे मला कायम हसू येतं. सिलिका म्हणजे माझा माल. कासार्डेहून घाट चढून येते, तिच्यातली चिकणमाती धुऊन टाकलेली असते म्हणून तिला भाव असतो, आणि त्या चिकणमातीत ॲल्युमिना भरपूर असतो. तिकडे सड्यावर नेमकं उलटं. ॲल्युमिना राजा आणि सिलिका चोर. एकाच घाटाच्या दोन टोकांना एकमेकांचा राडा माल म्हणून विकला जातो.

सिलिका चोर का, ते समजून घ्यायचं तर कारखान्यात जावं लागेल. कार्ल जोसेफ बायर नावाचा ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ रशियात सेंट पीटर्सबर्गला काम करत होता. त्यानं 1888 च्या सुमाराला ही रीत काढली ती भांड्यांसाठी नव्हे, कापड रंगवणाऱ्यांसाठी. सुती कापडावर रंग पक्का बसायला ॲल्युमिनाचं संयुग लागे, तुरटी लागते तसं. धातू काढायची विजेची पद्धत त्याच्या दोनच वर्षं आधी, 1886 मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा पोरांनी एकमेकांना न विचारता शोधली होती. दोघेही 1863 चे, दोघेही 1914 ला गेले. जगभरचं ॲल्युमिनियम आजही जवळजवळ सगळं याच दोन पद्धती एकापुढे एक लावून निघतं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ इतका मोठा धंदा ज्या रीतीवर चालला ती मुळात साधी असणार, आणि आहेच.

आमच्याकडच्या माणसाला ती साखर कारखान्यावरून सांगावी. ऊस चिरडतात तसा बॉक्साइट दळायचा. तो गरम कॉस्टिक सोड्यात शिजवायचा. पश्चिम किनाऱ्यालगतचं बॉक्साइट मुख्यतः गिब्साइट जातीचं, ते दीडशे अंशांच्या आतच विरघळतं. दुसऱ्या जातींना अडीचशेपर्यंत न्यावं लागतं. ॲल्युमिना रसात उतरला, लोखंड बिचारं उतरत नाही, ते खाली बसतं. रस गाळून निवळ करायचा, थंड करायचा आणि त्यात आधीच्याच ॲल्युमिनाची बारीक पूड टाकायची, पॅनमध्ये साखरेचं सीड टाकतात तशी. दाणा दाण्यावर चढतो. तो भाजला की पांढरी शुभ्र ॲल्युमिना पावडर, साखरेसारखीच दिसणारी. सिलिका चोर यासाठी की ती शिजताना महाग कॉस्टिक स्वतःत बांधून घेते आणि गाळासोबत निघून जाते. चार टन बॉक्साइटमधून ढोबळमानानं दोन टन ॲल्युमिना, त्यातून एक टन धातू. आणि त्या एका टनाला वीज लागते तेरा ते पंधरा हजार युनिट. आज्जीच्या पातेल्याचं वजन पावणेदोन किलो भरलं, म्हणजे पंचवीस युनिट वीज तर त्यात नुसती मुरलेली आहे. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून तेच पातेलं केलं तर यातली पंचाण्णव टक्के ऊर्जा वाचते, म्हणून भांडी, पिस्टन, जुन्या खिडक्या गोळा करत हिंडणाऱ्या भंगारवाल्याला मी घासाघीस करत नाही.

साखरेशी तुलना एका जागी मोडते. कारखान्याची मळी शेतात जाते, तिच्यासाठी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. बायरच्या कारखान्याची मळी लाल असते आणि तिच्यात कॉस्टिक राहिलेलं असतं. सामू दहापासून तेरापर्यंत. शेतात टाकली तर शेत संपलं. एक टन ॲल्युमिनामागे टन-दीड टन लाल चिखल निघतो, आणि जगभरात दरवर्षी पंधरा कोटी टनांहून जास्त. 4 ऑक्टोबर 2010 ला हंगेरीत आयका या गावाजवळ त्याच्या तळ्याची भिंत फुटली. चिखलाची लाट घरांत शिरली, दहा माणसं गेली, कित्येकांची कातडी भाजली, मार्कल नदीतलं जिवंत ते सगळं मेलं. ते फोटो मी तेव्हा बघितले. घरांच्या भिंतींवर छातीपर्यंत एक सरळ लाल रेघ. राधानगरीच्या वाटेवर पावसाळ्यात भिंती अशाच रंगतात, त्यामुळे माझ्या मेंदूनं पहिल्यांदा ते आपल्याकडचंच समजलं.

या चिखलात लोखंड भरपूर आहे, टायटॅनियम आहे, थोडं स्कँडियमही. म्हणजे तोही उद्याचा माल. नागपूरला 1989 मध्ये स्थापन झालेलं, ॲल्युमिनियमवर संशोधन करणारं केंद्र आहे, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं. तिथे आणि इतरत्र सिमेंटमध्ये, विटांमध्ये, रस्त्यांच्या भरीत हा चिखल घालायचे प्रयोग होत असतात. जमतात, पण निघणाऱ्या चिखलापुढे वापर फार थोडा. काळ्या वाळूचं आमच्याकडे जे झालं तेच तिथे व्हायला हवं आहे, नव्या मालाचा दर इतका चढला पाहिजे की जुन्या राड्यात जीव दिसावा. अजून चढलेला नाही.

हे सगळं मला आवडतं, कबूल करतो. रसात उतरलेला ॲल्युमिना परत दाण्यावर चढतो ही गोष्ट सुंदर आहे. रात्रीच्या पाळीत कंटाळा आला की मी असलंच वाचतो. अडचण खाली, कारखान्यात नाही. वर सड्यावर आहे. ओव्हरबर्डन या शब्दात आहे.

सातबाऱ्यावर सड्याच्या जमिनीपुढे पोटखराबा लिहितात. पिकत नाही, सारा नाही, खराबा. आणि भाद्रपदात जाऊन बघावं. कातळाच्या खोलगट जागी बोटभर मातीत सीतेची आसवं उगवलेली असतात, निळी-जांभळी, हातभर अंतरावरून धुकं पसरल्यासारखी. मातीत नत्र नाही म्हणून ही झाडं मुळाशी बारीक फुगे लावून पाण्यातले किडे धरतात आणि खातात. गेंदाचे पांढरे गुंडे, तेरडा, सोनकी. दोन महिन्यांत सगळं उरकून, बी टाकून मोकळे. कासचं पठार 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलं, तेही याच जातीचं पठार. तिथे बघायला तिकीट आहे. आमच्या सड्याला सातबाऱ्यावर खराबा आहे.

फुलांचं मी समजू शकतो, फुलांवर पोट भरत नाही. पाण्याचं काय? सड्याची रचना उभी कापून बघितली तर वर कातळ, त्याखाली सच्छिद्र बॉक्साइट आणि जांभा, त्याखाली पांढरट-जांभळट चिकणमातीचा थर, मग मुरूम, मग काळा दगड. पाऊस वरच्या भोकांतून आत मुरतो आणि चिकणमातीवर अडतो. पुढे वाट नाही म्हणून तो आडवा सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर येतो. तोच झरा. म्हणजे ज्या थराला खाण माल म्हणते तीच गावाची टाकी आहे, आणि ओव्हरबर्डन म्हणतात ते टाकीचं झाकण. माल नेल्यावर खड्डा भरून देतात, वरची माती राखून ठेवून परत पसरायची असा नियमही आहे. वर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की फोटोत हिरवंगार दिसतं. पण जिथे झाड कधी नव्हतंच तिथे झाड लावलं तर भरपाई कशाची झाली? आणि मोडलेली स्पंजाची घडी माती ओतून परत बसत नाही.

मामांच्या गावचा सडा शाबूत आहे. पलीकडच्या डोंगराचा नाही. तिथलं खोदकाम मी शाळेत असताना झालं. तिकडच्या वाडीतल्या बाया आता उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. खाणीमुळेच का? बोअर वाढले, पाऊस बदलला, ऊस वाढला, कारणं चार निघतील. खोदायच्या आधी झरा किती वाहत होता ते कुणी मोजलंच नव्हतं. त्यामुळे आज कुणी काहीही म्हणावं.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या सड्यावरच्या खाणीसाठी जनसुनावणी लागली. मंडप, खुर्च्या, थंड चहा, जाडजूड अहवाल आणि त्याचं मराठीत पातळ सार. मी मामांसोबत गेलो होतो. मामा उठले आणि म्हणाले, "सायेब, आमच्या झऱ्याचं काय?" अहवाल करणाऱ्या तरुण माणसानं पान काढून वाचलं की तो सीझनल आहे. मामांनी विचारलं, "सीझनल म्हंजे?"

"म्हणजे हंगामी हो, काका."

"कुठल्या हंगामाचा? माझ्या आज्ज्याच्या लग्नाचं पाणी वैशाखात तिथनंच आणल्यालं हाय."

लोक हसले. त्या तरुणानंही मान डोलावली, वाईट माणूस नव्हता. त्यानं तो झरा एकदाच बघितला असणार, आणि एका भेटीत जे दिसलं ते लिहिलं. मला ते थर माहीत होते. चिकणमाती कुठे, पाणी कुठून येतं, सगळं सांगता आलं असतं. मी उठलो नाही. माझ्याकडे आकडा नव्हता आणि आकड्याशिवाय तोंड उघडायची मला सवय नाही, असं मी परतीच्या एसटीत स्वतःला सांगितलं. दुसरंही कारण होतं. माझ्याच वाळूसाठी कोकणात कुणाचा तरी डोंगर धुतला जातो, त्या गावच्या सुनावणीला मी कधी गेलेलो नाही.

प्रस्ताव अजून कागदांवरच फिरतोय. पण आकडा नव्हता ही गोष्ट मला टोचत राहिली. पुढच्या सुट्टीत लॅबमधला एक लिटरचा मोजायचा सिलिंडर घेऊन गावी गेलो. झऱ्याचं पाणी मोजायला मोठी यंत्रं लागत नाहीत. ठरलेल्या मापाचं भांडं आणि घड्याळ पुरतं. ठरलेल्या मापाचं भांडं म्हणून मामींनी आज्जीचं पातेलं काढून दिलं. आम्ही ते ओट्यावर ठेवून सिलिंडरनं भरलं. काठोकाठ अकरा लिटर चारशे मिली. आतल्या अंगाला खिळ्यानं खूण केली. झऱ्याच्या तोंडाशी मामांनी दगड रचून, पीव्हीसीचा तुकडा बसवून सगळं पाणी एका धारेत आणलं. त्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पातेलं भरायला एकोणीस सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला छत्तीस लिटर.

तेव्हापासून दर पुनवेला मामा मोजतात. मोबाइलमधलं स्टॉपवॉच त्यांच्या नातीनं शिकवलं. तीन वेळा मोजायचं आणि मधला आकडा धरायचा एवढंच मी सांगितलं होतं. ते कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं लिहितात, दूध आणि पिठाच्या हिशेबाच्या शेजारी. डिसेंबरला अठ्ठावीस सेकंद. फेब्रुवारीला एकेचाळीस. एप्रिलला एक मिनिट सहा. मेच्या पुनवेला एक मिनिट बावन्न, पण धार तुटली नाही. चार वर्षांचे कागद जमलेत. दुष्काळी वर्षाचाही एक आहे. मी ते स्कॅन करून ठेवलेत. तीन वेळचे आकडे एकमेकांपासून सेकंद-दोन सेकंदच हटतात. आमच्या लॅबमधल्या पोरांना ही शिस्त अजून लागलेली नाही.

परवा पुनवेला फोन आला. नेहमीप्रमाणे आधी हवापाणी, कारखान्याचा हप्ता, मामींचा गुडघा. मग म्हणाले, "आज एक मिनिट सत्तेचाळीस आलंय. पर एक घोळ झालाय बघ."

"काय झालं?"

"पातेलं पडलं माझ्या हातनं, दगडावर. पोचा आलाय, चांगला वाटीएवढा. आता ह्यात पाणी किती कमी बसत आसंल रं?"

मी म्हटलं, रविवारी सिलिंडर घेऊन येतो, परत माप करू, जमलं तर आतून ठोकून काढू.

"ठोकू नगंस, पातळ झालंय, चीर जाईल. तवर ह्या म्हैन्याचं काय लिवू?"

"जे आलं तेच लिहा. आणि शेजारी पोचा म्हणून लिहा."

"सत्तेचाळीस. पोचा," मामा म्हणाले, आणि पेन्सिलीचा आवाज मला फोनवर ऐकू आला.